मधल्या खोलीतल्या दोन परीक्षक

माझ्या मतांना आता गिऱ्हाईक उरलं नाही. टीव्हीवर कोणी गात असलं आणि वरचा सूर लागता लागता राहिला, की मी अजूनही मोठ्यानं म्हणते, "गेला!" पण त्यावर "काऊन गेला? चांगला तं गाऊन राहिला बिचारा," असं म्हणणारं कोणी आता खोलीत नसतं. आमचे हे पेपरात डोकं घालून बसलेले असतात. ते नुसतं "हं" म्हणतात. तो "हं" त्या गाण्याला असतो की मला, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही.

एकट्यानं मत बाळगण्यात काही राम नाही. त्याला आडवं लावणारं माणूस लागतं. माझ्या नशिबानं ते मला घरातच मिळालं होतं, माझी धाकटी जाऊ. ती आता मुलीच्या कॉलेजपायी नागपूरला राहते. आठवड्यातून फोन करते, पण फोनवर नीट भांडता येत नाही. फोनवर माणसं उगाच गोड बोलतात. म्हणून मी एकटीच बसून त्या संध्याकाळी आठवत असते. आणि त्या आठवल्या की एक पावसाळाही आठवतो, ज्यात ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. एकाच घरात राहून माझी जाऊ मला कायमची तुटली, असं तेव्हा मला वाटलं होतं.

मी मोहगावची, ती पांढुर्ण्याची. सौंसरला आमचं घर बसस्टँडपासून फार लांब नाही. आमचे हे शाळेत मास्तर, दिराचं बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. संत्र्याच्या आणि कापसाच्या हंगामात दीर घरी फक्त जेवायला येत, त्यामुळे जेवणं आटोपली की मधली खोली आम्हा बायांचीच. मी खुर्चीवर, कारण माझे गुडघे, आणि ती दिवाणाला पाठ टेकून खाली. हातात काहीतरी असायचंच तिच्या. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा, एरवी लसूण, नाहीतर देवाच्या वाती. नुसतं बसून टीव्ही पाहणं तिला पाप वाटे.

सुरुवात गाण्याच्या स्पर्धेनं झाली. माझा हिशेब साधा होता: गाणं आहे ना, मग सूर बघायचा. लहानपणी मोहगावला आमच्या घरी भजन बसायचं, त्यामुळे कान थोडेफार तयार होते. जावेचा हिशेब निराळा. गाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की तिचं मत त्याला. "अवो बाई, सूर काय, आज नाही लागला तं उद्या लागते," ती म्हणायची. "पण मन कसं साफ हाय पाहा पोराचं!" मी म्हणायची, "मन साफ असलं तर त्यानं कीर्तन करावं. इथं कशाला आला?" मग ती रुसून लसणाची एक आख्खी गड्डी न बोलता सोलायची. परीक्षकानं त्या पोराला चांगलं म्हटलं की मात्र माझ्याकडे अशी बघायची, जणू तो परीक्षक तिच्या माहेरचा होता.

आम्हा सौंसरवाल्यांची आणखी एक पंचाईत. नागपूरचा पोरगा स्पर्धेत आला की आम्ही नागपूरकर. छिंदवाड्याची पोरगी आली की आम्ही पक्के मध्य प्रदेशचे, कारण तेव्हा आमचा जिल्हा छिंदवाडाच होता. एका वर्षी दोघंही एकाच फेरीत समोरासमोर आले. मी पोराच्या बाजूनं, जाऊ पोरीच्या. त्या आठवड्यात स्वयंपाकघरात नुसता धुरळा. मी म्हटलं, "तुला गाण्यातलं कळत नाही." ती म्हणाली, "तुम्हाले माणसातलं कळत नाही." आणि निकाल लागायच्या नेमक्या क्षणाला लाइट गेली. आमच्या लाइटीला हे अचूक जमायचं. मग अंधारातच जावेनं पांढुर्ण्याला भावाला फोन लावला, कारण तिकडे लाइट होती. "कोण गेलं रे?" एवढंच विचारलं. पलीकडून पडेल आवाजात काहीतरी आलं, आणि मला वाटलं, बाई गं, गावाकडचं कोणी वारलं की काय. निघाली ती छिंदवाड्याची पोरगी. जावेनं फोन ठेवला आणि म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं. आता झोपा."

ते बंद घरात माणसं कोंडण्याचं प्रकरण आलं, तेव्हा सासूबाई होत्या. एक भाग त्यांनी शेवटपर्यंत नीट पाहिला. मग विचारलं, "याच्यातली सून कोण हाय?" मी सांगितलं, सून कोणीच नाही, सगळे परके आहेत. "मंग भांडे कोणाकडे हाय?" त्यांनी विचारलं. भांड्यांवरूनच भांडण चाललं होतं म्हणा. सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "हे तं आमी फुकटात करत होतो." आम्ही दोघी हसून हसून पडायच्या राहिलो. पण मला त्या खेळाचा खरा राग निराळ्याच गोष्टीसाठी येई. त्यातली माणसं भांडायची आणि मग एकेकटी कॅमेऱ्यासमोर बसून दुसऱ्याविषयी सांगायची. घरात राहायचं तर काही गिळावं लागतं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. जाऊ म्हणायची, "चांगलंच तं हाय, मोकळं होते माणूस." याही बाबतीत आमचं जमलं नाही.

लग्न जुळवायचा खेळ आम्ही चवीनं पाहिला. नवरी एक आणि नवरदेव डझनभर. ती त्यांना प्रश्न विचारी, रागावे, एकेकाला हाकलून देई. जाऊ वाती वळायची थांबायची आणि तोंड उघडं ठेवून बघायची. "तुम्ही काय विचारलं होतं भाऊजींना, पाहायला आले तवा?" तिनं मला विचारलं. मी विचारलं होतं, चहात साखर किती. ती म्हणाली, "मी तेबी नाही विचारलं. मी फक्त बूट पाहिले. बूट पुसलेले होते, म्हनलं चालते." जंगलातला खेळ मात्र आम्ही बंद केला. माणसं किडे खाऊन राहिली आणि वरून ओरडतात काय की हे धाडस आहे! ज्याला धाडस दाखवायचं आहे त्यानं जून महिन्यात सौंसरहून नागपूरच्या बसमध्ये उभं राहून जावं.

स्वयंपाकाची स्पर्धा आली तेव्हा मात्र आम्ही दोघी एका बाजूला झालो. त्यातले परीक्षक चमच्यानं एवढंसं चाखत आणि मग डोळे मिटून उभे राहत. आम्हाला वाटे, यांना घास अडकला. आणि दर भागात कोणावर तरी ओरडत, "तू चाखून का नाही पाहिलंस?" चाखल्याशिवाय वाढणं म्हणजे त्यांच्या लेखी मोठा गुन्हा. हे ऐकलं की आम्ही एकमेकींकडे बघायचो. आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. दुसऱ्या दिवशी जेवणाला घर भरतं. पुरण, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कढी, वडे, एवढा सगळा स्वयंपाक होतो, आणि त्यातला एक थेंब जिभेला लावता येत नाही. नैवेद्य दाखवण्याआधी चाखलं की ते उष्टं. सगळं हाताच्या अंदाजानं आणि नाकानं. मिठाचा घोळ होऊ नये म्हणून सासूबाईंनी एक रीत घालून दिली होती. जिनं मीठ घातलं तिनं मोठ्यानं म्हणायचं, "कढीत मीठ पडलं!" आणि दुसरीनं कुठूनही ओ द्यायची, "पडलं!" म्हणजे पुन्हा कोणी घालायचं नाही. बाहेर ओसरीवर बसलेल्या पुरुषांनाही पाठ झालं होतं ते. जाऊ म्हणायची, "आणा म्हणावं त्यांच्या परीक्षकाले इथं. न चाखता साठ माणसाची कढी करून दाखवा म्हणावं."

आता जरा कडू सांगते. या सगळ्या खेळांमध्ये एक गोष्ट हळूहळू शिरली, आणि तिथून माझं मन उडायला लागलं. पूर्वी पोरगा यायचा, नमस्कार करायचा, गायचा. पुढे पुढे गाण्याआधी त्याची कहाणी दाखवायला लागले. गळकं घर, आजारी बाप, गेलेला भाऊ. पाठीमागे रडकं वाजवायचं. आई पदरानं डोळे पुसते, आणि कॅमेरा तिच्या पदरात शिरतो. मग पोरगा येतो आणि म्हणतो, हे गाणं माझ्या गेलेल्या भावासाठी. आता त्याला बेसूर कोण म्हणणार? जावेच्या डोळ्यांतून तोवर धारा लागलेल्या असत. मी मात्र उठून पाणी प्यायला आत जात असे, आणि कहाणी संपेपर्यंत माठाजवळ उभी राहत असे.

मला एक मुलगी होती. सहा वर्षांची होऊन तापानं गेली. नागपूरला नेली होती, तिथून परत आणली नाही. जाऊ लग्न होऊन घरात आली तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि पहिल्या महिन्यापासून काकूच्या कुशीत झोपायची, माझ्याजवळ येतच नसे. जावेला स्वतःची मुलगी झाली ती पुष्कळ उशिरा, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. म्हणून मी माठाजवळ उभी राहायची. गेलेलं लेकरू म्हणजे ताटात वाढायची गोष्ट नाही, असं मला वाटे आणि अजूनही वाटतं. जावेला मी हे कधी बोलून दाखवलं नाही. ती रडकी आहे, तिला अशा कहाण्या आवडतात, एवढंच धरून चालले होते.

मग मुलांच्या नाचाच्या स्पर्धांचे दिवस आले. तोवर दिरानं वर मजला चढवला होता आणि चुली वेगळ्या झाल्या होत्या. भांडण नव्हतं, जागा पुरत नव्हती. वरही टीव्ही होता, पण जाऊ जेवण उरकून लसणाची टोपली घेऊन खालीच यायची. तिची मुलगी आठ-नऊ वर्षांची, नाचायची. गणपतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, कोणाच्याही वरातीत. एका उन्हाळ्यात टीव्हीवर पट्टी आली की नागपूरला निवड होणार आहे. घरात धामधूम सुरू झाली. जाण्याआधी मधल्या खोलीत कूलर लावून, दिवाण भिंतीला सरकवून, पोरीनं सगळ्यांसमोर नाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. दीर कौतुकानं म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही सांगा. तुम्ही तं आमच्या मोठ्या परीक्षक."

मी सांगितलं. पाय छान पडतात, पण ताल सुटतो. अजून वर्षभर शिकू द्या. आत्ता नेलं तर तिथं उगाच रडवतील.

जाऊ म्हणाली, "बाई, हे घरचं लेकरू हाय. टीव्हीवरचं नोहे."

"म्हणून तं सांगून राहिली मी," मी म्हटलं. "टीव्हीवरच्याचं मले काय?"

तिनं पोरीचा हात धरला आणि वर गेली. लसणाची टोपली खालीच राहिली. मी आजही म्हणते, पोरगी कच्ची होती. ती स्वतः आता मोठी झाली आहे आणि तीही तेच म्हणते. तोंडावर गोड बोलणं मला जमत नाही, आणि त्या वयाला ते शिकणंही शक्य नव्हतं.

दोन-चार दिवसांनी तिघं पहाटेच्या बसनं नागपूरला गेली आणि दिवेलागणीला परत आली. मी जिन्याखाली उभी होते. दिरानं मान हलवली, झालं नाही म्हणून. पोरगी उड्या मारत वर गेली, तिला नागपूरला आइस्क्रीम मिळालं होतं. जाऊ माझ्याकडे न बघता जिना चढली. मला वाटलं, थकली असेल, उद्या बोलेल.

ती दुसऱ्या दिवशी बोलली नाही. त्या आठवड्यात बोलली नाही. समोर आली की नजर खाली. माझ्याकडे बघून जणू तिला चटका बसे. मी मनाशी ताडलं की हिनं मनात धरलंय, बाईचं तोंड लागलं. मी अशुभ बोलले आणि पोरीचं नशीब फिरलं. बायकांमध्ये असं एकदा मनात बसलं की ते निघत नाही, हे मी माहेरी पाहिलं होतं. दोन सख्ख्या चुलत्या जन्मभर एकमेकींकडे पाठ करून आडावर पाणी भरत. मलाही ताठा होताच. मी काय खोटं बोलले? मीच का जाऊ वर? यांना सांगितलं, तर ते "हं" म्हणाले.

मग दोन टीव्ही सुरू झाले. खाली मी तोच खेळ लावायची जो वर लागलेला असे. वरचा आवाज जिन्यावरून खाली उतरायचा, आमच्यापेक्षा एक श्वासभर उशिरा, का कोण जाणे. परीक्षक खाली वाहवा म्हणायचा, मग वर वाहवा म्हणायचा. मी मुद्दाम मोठ्यानं मत द्यायची. "बेसूर आहे! याला कशाला ठेवला!" वाटायचं, आता वरून येईल, काऊन बेसूर? वरून फक्त टीव्ही यायचा. कहाणी सुरू झाली की मी माठाजवळ जायची, आणि तिथं उभं राहून ऐकायची की जाऊ वर रडत असेल का. एकदा तर कहाणी सुरू झाल्याबरोबर वरचा टीव्ही बंदच झाला. मला नवल वाटलं. पण विचारणार कुणाला? आयुष्यात मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. त्या गेल्या तेव्हा आम्ही दोघी होतो.

भाद्रपद आला. चुली दोन असल्या तरी महालक्ष्म्या घराच्या एकच, आणि त्यांचा स्वयंपाक खालच्याच स्वयंपाकघरात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा शेजारी शेजारी, नव्या लुगड्यांत, दागिने घालून उभ्या. मी त्यांचे पदर नीट करताना मनात म्हटलं, तुम्ही दोघीही बोलत नाही एकमेकींशी, पण निदान उभ्या तरी एका दिशेला तोंड करून आहात. जेवणाच्या दिवशी जाऊ पहाटे न्हाऊन, सोवळं नेसून खाली आली आणि पुरणाला लागली. मी भाज्यांना आणि आंबिलीला. कामाला खळ नव्हता. वीस वर्षांची सवय, काही मागायची गरजच पडेना. तिनं हात पुढे केला की मी झारा द्यायची. मी वळले की तिनं पातेलं सरकवलेलं असायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय जोडी आहे! फक्त तोंडं शिवलेली.

कढी उकळायला आली. मी अंदाजानं मीठ घातलं. ओठांवर शब्द आले, "कढीत मीठ पडलं." आणि मी थांबले. हे म्हटलं म्हणजे पहिली मी बोलले असं होईल. ती काही आंधळी नाही, तिनं पाहिलंच असेल, असं मनाशी म्हटलं आणि वडे तळायला वळले. मागे ती कढीपाशी काय करत होती ते मी बघितलं नाही.

नैवेद्य झाला, पंगती बसल्या. पहिल्या पंगतीत लोधीखेड्याच्या आत्तेसासूबाई होत्या. त्यांनी कढीचा भुरका मारला आणि क्षणभर तशाच बसल्या. मग पाणी मागितलं. मग पुन्हा पाणी मागितलं. प्रसादाला नाव ठेवायचं नाही, त्यामुळे कोणी काही बोलेना. ह्यांनी आंबिलीवर कढी घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि उरलेली कढी शेजारच्या वाटीत सारली. मी विचारलं, वाढू का अजून? ते म्हणाले, "नको, नको, भरपूर झालं," आणि हे त्यांनी "हं" न म्हणता पूर्ण वाक्यात सांगितलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दिरानं तर तांब्या घेऊन स्वतःच्या शेजारीच ठेवला.

सगळ्यात शेवटी, दुपार उतरली तेव्हा, स्वयंपाकघरात आम्ही दोघी जेवायला बसलो. बाहेर पुरुष मंडळी सुस्तावली होती. समोरासमोर दोन पानं. मी कढीचा घोट घेतला आणि तिनंही घेतला, एकदमच. नुसता समुद्र! मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते मिठामुळे की हसू दाबल्यामुळे, ते कळेना.

"तुम्हीबी टाकलं होतं काय?" ती म्हणाली.

"मग! तुले दिसलं नाही?"

"सांगायचं नाही काय मंग? आवाज द्यायची रीत हाय आपल्यात."

"तू दिला काय आवाज?"

"मी कशी देऊ?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. पोट दुखेपर्यंत. आत्तेसासूबाईंचा चेहरा आठवून, दिराचा तांब्या आठवून. परीक्षकांसारखे डोळे मिटून मी उभी राहिल्याचं सोंग केलं, तर ती पानावर पडायची बाकी राहिली. मला वाटलं, संपलं. आली माझी जाऊ परत.

म्हणून मी बोलून टाकलं. म्हटलं, "अगं, राग धरून किती दिवस बसायचं? मी बोलले ते तुझ्या पोरीच्या भल्यासाठी. माझ्या तोंडानं तिचं नशीब नाही फिरलं."

तिचं हसू एकदम गेलं. पुरणपोळीचा तुकडा बोटांत तसाच. "तुमच्या बोलण्याचा राग मले एका रात्रीचा होता, बाई," ती म्हणाली. "तिथं गेलो नं, तवा नाचायच्या आधीच एक पोरगी आली, हातात पॅड घेऊन. चांगली गोड होती बोलायला. हिंदीत विचारे. घरात काही दुःख आहे का, कोणी गेलं आहे का, हे बाळ कोणासाठी नाचते. म्हणे काही असलं तं सांगा, पोरीले बरं पडते, वरच्या लोकायच्या ध्यानात राहते. यांनी माझा हात दाबला. माझ्या कानात म्हणे, सांग नं, दादाच्या पोरीचं सांग, खोटं थोडीच हाय."

मी हातातला घास पानात ठेवला.

"आणि मी सांगत होती, बाई. तोंड उघडलं होतं मी. तिचं अर्धं नाव तोंडातून निघालं माझ्या." ती रडायला लागली होती, पण टीव्ही पाहताना रडायची तशी नाही. आवाज नव्हता त्याला. "मंग म्हनलं, कोणी नाही जी. आमच्या घरी सगळे खुशाल हाय. तिनं कागदावर काट मारली आणि पुढच्या माणसाकडे गेली. पोरगी नाचली, पण मले दिसलंच नाही कशी नाचली ते. तवापासून तुम्ही समोर आल्या का ते अर्धं नाव तोंडात येते. कशी बोलू मी तुमच्याशी?"

इतके महिने मी काय समजत होते! तोंड लागल्याचा राग, पोरीच्या नशिबाचा राग. आणि ही बाई, जी दर कहाणीला रडून मत देत होती, तिला एकदाच कहाणी सांगायची वेळ आली तेव्हा तिनं माझं लेकरू झाकून ठेवलं, आणि तरी अर्ध्या नावापायी स्वतःलाच शिक्षा देत बसली. मी उष्ट्या हातानंच तिला जवळ ओढलं.

माझी मुलगी गेल्यापासून आमच्या घरात तिचं नाव कोणी घेत नव्हतं. सासूबाईंनीच सगळ्यांना ताकीद दिली होती, मला सोसत नाही म्हणून. फोटोही त्यांनी उचलून ठेवला होता. मी कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि कधी हो पण म्हटलं नव्हतं.

"पुरं घे," मी जावेला म्हटलं.

"काय?"

"नाव. अर्धं घेतलं नं? आता पुरं घे."

तिनं घेतलं. हळू घेतलं. मी म्हटलं, मोठ्यानं घे. तेव्हा तिनं हाक मारावी तसं घेतलं, जसं ती पूर्वी जिन्यावरून, अंगणातून, जेवायच्या वेळेला घ्यायची. बाहेर ओसरीवर ह्यांच्या पेपरची सळसळ थांबली.

जावेची मुलगी पळत दारात आली. तिला वाटलं होतं, कोणी पाहुणी आली. "आई, कोणाले बोलावून राहिली?" तिनं विचारलं. "हे कोणाचं नाव हाय?"

जावेनं माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या मोठ्या बहिणीचं," मी म्हटलं, आणि तिला आम्हा दोघींच्या मध्ये बसवून घेतलं.